शेवटचा हात कुणाचा?

वॉरंटीची पुस्तिका सहसा कुणी वाचत नाही. गाडी घरी येते त्या दिवशी हार, पेढे, बॉनेटवरचं स्वस्तिक, चाकाखालचं लिंबू, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात धरून काढलेला फोटो या सगळ्या गडबडीत ती ग्लोव्ह बॉक्समध्ये जाते आणि पुढे पीयूसीच्या जुन्या कागदांखाली दबून राहते. मी ती वाचली ती पावसाच्या कृपेनं. देवरुखात जुलैचा पाऊस एकदा लागला की लागला, आणि नेमकी तेव्हाच ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली गेली ती वर येईना. बटण दाबलं की दरवाजाच्या पोटात घर्रर्र व्हायचं, काच मात्र जागची हलायची नाही. मोटर फिरतेय आणि काच उचलणारी केबल सुटलीय, एवढं मलाही कळत होतं. दोन तळव्यांत धरून काच वर ओढली, खाचेत पुठ्ठ्याची पाचर मारली, वरून प्लास्टिक चिकटवलं. गाडी वॉरंटीत होती, म्हणून पुस्तिका शोधली.

आमच्यासाठी अधिकृत सर्व्हिस सेंटर म्हणजे रत्नागिरी. मुंबई-गोवा महामार्गाचं काम इतकी वर्षं चाललंय की हातखंब्यापर्यंत कुठे रस्ता आहे आणि कुठे नुसता त्याचा बेत आहे, हे गाडीच्या सस्पेन्शनलाच विचारावं. जाऊन-येऊन दिवस मोडतो. सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरनं काच पाहिली, जॉब कार्ड उघडलं, किलोमीटर लिहिले, फोटो काढला. "रेग्युलेटर गेलाय सर. पार्ट मागवतो, आला की फोन करतो." रेग्युलेटर म्हणजे काच वर-खाली करणारी ती केबलची यंत्रणा.

"म्हणजे पुन्हा यायचं?"

"हो सर. फिटिंगला गाडी लागेलच ना."

मी म्हटलं, पार्ट आला की द्या, कुणाच्या तरी हाती मागवून घेतो. डोअर पॅडचे स्क्रू, क्लिपा, आत तीन-चार बोल्ट. मी बसवतो, जुना पार्ट तुम्हाला परत पाठवतो. तो हसला. "असं नाही देता येत सर. सिस्टिम घेत नाही." आणि मग खालच्या आवाजात, जणू काही आजाराबद्दल विचारावं तसं, "बाहेर कुठे उघडलं नाही ना दार? हात लागलाय का बाहेर?"

हा 'बाहेरचा हात' पुढे मला फार वेळा भेटला.

सिस्टिम का घेत नाही, हे मी नंतर एका सर्व्हिस सेंटरमधून निवृत्त झालेल्या ओळखीच्या गृहस्थांकडून समजून घेतलं, आणि ऐकल्यावर माझा अर्धा राग गेला. वॉरंटीत डीलर आपल्याला फुकट काम करून देतो, पण त्याला ते फुकट पडत नाही. तो पार्टचे आणि मजुरीचे पैसे कंपनीकडून मागतो. मजुरी कंपनीनं प्रत्येक कामाला ठरवून दिलेल्या वेळेप्रमाणे मिळते. दरवाजाच्या त्या कामाला कोष्टकात जेवढा वेळ लिहिलाय तेवढेच पैसे, मग गंजलेल्या बोल्टशी मुलं दुपारभर झगडोत. मोडका पार्ट टॅग लावून ठेवायचा, कारण कंपनीचा माणूस येऊन तपासू शकतो. तपासणीत जॉब कार्डावरचे किलोमीटर जुळले नाहीत, फोटो नसला, जुना पार्ट सापडला नाही, की क्लेम नामंजूर आणि पैसे डीलरच्या खात्यातून वजा. मी दिलेल्या शब्दावर त्यानं नवा रेग्युलेटर माझ्या हाती ठेवला, आणि तो माझ्या गाडीत बसण्याऐवजी कुठल्या स्पेअर पार्टच्या दुकानात विकला गेला, तर त्याच्याजवळ काय पुरावा? त्याच्या बाजूनं पाहिलं तर माझी मागणी आगाऊच होती.

पण पुस्तिकेत आणखीही काही सापडलं. वॉरंटीत बदललेल्या पार्टला नवी वॉरंटी मिळत नाही, गाडीच्या मूळ वॉरंटीचे जेवढे दिवस उरले तेवढेच त्याचे. काढलेला जुना पार्ट कंपनीचा, तो परत मागायचा नाही. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचे रबर, बल्ब, फिल्टर ही झिजणारी मंडळी वॉरंटीबाहेर. टायर आणि बॅटरी ज्यांनी बनवली त्यांच्याकडे जा. गाडी बंद पडली म्हणून तुमचं जे काही नुकसान झालं, टॅक्सी, चुकलेलं लग्न, बुडालेली रजा, त्याला आम्ही जबाबदार नाही. माझा पूर्ण दिवस, पेट्रोल, आणि दुसऱ्या खेपेचा आणखी एक दिवस हे त्या 'फुकट' रेग्युलेटरच्या बिलात कुठेच येत नाहीत. तोच रेग्युलेटर रत्नागिरीच्याच दुकानात पैसे देऊन काउंटरवर मिळतो, आणि गावातला मेकॅनिक चहा होईपर्यंत बसवून देतो.

मेकॅनिकला मी विचारलंही होतं. तो नाही म्हणाला. "काका, वारंटीत हाय ना गाडी? मग मी हात लावनार नाय. उद्या त्या दारात पानी शिरला, स्पीकर गेला, तर तिकडं सांगतील बाहेर उघडलान म्हणून. आनि तुमी माझ्या नावानं बोंब मारनार." त्याला कुठल्याही पुस्तिकेशिवाय मुद्दा नेमका ठाऊक होता. पार्ट कुणाचा यावर भांडण फार होत नाही. भांडण होतं त्या पार्टशेजारी पुढे जे बिघडेल त्यावर, आणि तेव्हा पहिला प्रश्न असतो, इथं शेवटचा हात कुणाचा लागला होता?

तर दुसऱ्यांदा गेलो. कस्टमर लाउंजच्या काचेतून पाहत बसलो. आयटीआयमधून आलेला असावा असा एक पोरगा माझ्या दरवाजापाशी, आणि त्याच्या मागं उभा राहून दुसरा त्याला सांगतोय. पॅड ओढताना एक क्लिप तुटली, ती त्यानं पायानं बाजूला सारली. हे मी माझ्या अंगणात केलं असतं तर क्लिप तुटल्याबद्दल स्वतःलाच शिव्या दिल्या असत्या आणि नवी आणून लावली असती. पण काच मस्त चालू झाली आणि मी काही बोललो नाही. त्या क्लिपची जागा आजही रिकामी आहे, खड्ड्यात तिथून टकटक येते. तरीही दरवाजात उद्या काही झालं तर शेवटचा हात त्यांचा. डीलरकडे बसवून घेण्यात जे मिळतं ते मला वाटतं मुख्यतः हेच. कौशल्य जास्त मिळतं असं मी छातीठोक सांगणार नाही.

याच्या अगदी उलट टोक आमच्या घरातच आहे. मुलीची बॅटरीवरची सायकल. नोंदणी नाही, लायसन्स नाही, डीलर तर नाहीच, कंपनीनं थेट घरी पाठवलेली. तिचा कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला वीज सोडणारी डबी, वॉरंटीत गेला, तेव्हा कंपनीनं व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ मागवला आणि नवा कंट्रोलर कुरियरनं पाठवून दिला. सोबत 'कसं बसवायचं' याची चित्रफीत. रंग जुळवून कनेक्टर लावायचे, बाण बाणासमोर आणायचे, मोटरच्या जाड कनेक्टरला पीळ न देता सरळ आत ढकलायचं. मुलीनंच बसवला, मी फक्त टॉर्च धरला. तिथं कुणी विचारलं नाही की बाहेरचा हात लागला का; सगळे हात बाहेरचेच. जे एका कंपनीला चालतं ते दुसरीला का चालत नाही? कारण एकीच्या धंद्यात डीलर आहे आणि त्याच्या वर्कशॉपवर त्याचं घर चालतं. नव्या गाडीच्या विक्रीत डीलरला फार सुटत नाही. सर्व्हिस, स्पेअर आणि विमा यांवर तो तगून असतो, असं त्या धंद्यातले लोक उघड सांगतात. वॉरंटीची अट त्याच्याकडे गिऱ्हाईक बांधून ठेवते.

ही बांधून ठेवण्याची गोष्ट आपल्याकडे एकदा चांगलीच चव्हाट्यावर आली होती. 2011 साली शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकानं भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की मोटार कंपन्या अस्सल स्पेअर पार्ट आणि तपासणीची यंत्रं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत. चौकशीची व्याप्ती वाढत गेली आणि ऑगस्ट 2014 मध्ये आयोगानं 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडाचं पुढे अपिलांच्या गुऱ्हाळात जे व्हायचं ते होत राहिलं. मला त्या आदेशातली एक ओळ जास्त मोलाची वाटते. गाडी बाहेर दुरुस्त केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असं आयोगानं कंपन्यांना सांगितलं. बाहेरच्या सदोष कामानं जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. म्हणजे शेवटचा हात कुणाचा एवढं विचारून भागत नाही. त्या हातानं नेमकं काय बिघडवलं, हेही दाखवावं लागतं.

या ओळीचा उपयोग मला लिंक रॉडनं करून दाखवला.

लिंक रॉड म्हणजे स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी कलू न देणारा आडवा दांडा) स्ट्रटशी (चाकावरचा स्प्रिंग आणि शॉकअपचा खांब) जोडणारी वीतभर दांडी, दोन टोकांना दोन गोळ्या, त्यांवर रबराच्या टोप्या. गोळी सैल झाली की खड्ड्याखड्ड्याला पुढून 'कटक-कटक'. आमच्या महामार्गावर हा आवाज राष्ट्रगीताइतका ओळखीचा आहे. सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, हा वेअर अँड टेअर, वॉरंटीत येत नाही, बिल होईल. बिलच द्यायचं तर मग मी माझ्या हातानं का नको? होलोग्राम आणि एमआरपीचं लेबल असलेली जोडी दुकानातून घेतली, पावती गाडीच्या नंबरासकट करून घेतली. दुकानात पाटी होतीच, 'इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जाणार नाही'. म्हणजे काउंटरवर विकत घेतलेल्या सेन्सरचं नशीब तुमच्यासोबत घरी येतं. लिंक रॉडला ती भीती नाही, तो नुसता लोखंडाचा.

हे काम सोपं आहे, पण त्यात दोन खोड्या आहेत आणि दोन्ही पाहण्यासारख्या आहेत. पहिली, पुढची दोन्ही चाकं एकदम उचलून स्टँडवर घ्यायची. एकच बाजू उचलली तर बारला पीळ बसतो, रॉड भोकात चेपून राहतो आणि माणूस हातोडी शोधायला लागतो. दोन्ही चाकं लोंबती असली की तोच रॉड बोटानं सुटतो. दुसरी खोडी नटाची. नट फिरवला की आतली गोळी पण त्याच्याबरोबर गोल फिरते, नट तसाच. म्हणून बोल्टच्या टोकाला षटकोनी खाच दिलेली असते. तिच्यात एलन की घालून बोल्ट धरायचा आणि पान्यानं नट सोडवायचा. जुन्या रॉडची खाच मातीनं भरलेली. ती आधी खिळ्यानं कोरून साफ केली, गंज सोडवणारा डब्ल्यूडी-फॉर्टी स्प्रे मारून वाट पाहिली. घाईनं एलन की घातली तर खाच गोल होते आणि मग ग्राइंडरशिवाय सुटका नाही. नवा रॉड लावताना टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना, वापरला, तो मेकॅनिककडून मागून आणलेला. "काका, आमी हातानंच आवळतो," तो म्हणाला, पण रेंच दिला. प्रत्येक नटाचा फोटो काढला, ओडोमीटरचाही. कटक-कटक गेली ती गेलीच.

काही महिन्यांनी त्याच बाजूनं नवा आवाज. स्टेअरिंग जागेवर फिरवलं की 'डंग'. यावेळी रत्नागिरीला गेलो, कारण हा स्ट्रटला वर बॉडीशी जोडणाऱ्या माउंटचा आवाज, आणि तो वॉरंटीत बसतो. अ‍ॅडव्हायजर वेगळा होता. गाडी लिफ्टवर चढली, तो खाली उभा राहून वर पाहत म्हणाला, "लिंक रॉड बाहेरून बसवलाय सर. हात लागलाय. आता यातलं काही वॉरंटीत नाही होणार."

मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हटलं, की ठीक आहे, जॉब कार्डावर तसं लिहून द्या. लिंक रॉड बसवल्यामुळे माउंटचा बेअरिंग कसा गेला, ते एका वाक्यात. सोबत पावती आणि फोटो दाखवले. तो आत गेला, वर्क्स मॅनेजरशी बोलून आला. अर्धा-पाऊण तासानं मॅनेजर स्वतः आले, अतिशय गोड बोलले, आणि म्हणाले की तुम्ही आपले जुने कस्टमर, आम्ही कंपनीकडून 'गुडविल'मध्ये करून घेतो. माउंट बदलला गेला, पैसे पडले नाहीत.

हा गुडविल शब्द त्या धंद्यात रोजचा आहे. वॉरंटीत बसत नाही पण गिऱ्हाईक दुखवायचं नाही, अशा कामाला तो वापरतात, आणि खरोखर वॉरंटी संपलेल्या गाडीला असा हातभार लावला तर तो चांगलाच. पण माझं काम हक्कानं बसत होतं. हक्काची गोष्ट उपकाराच्या खात्यात मांडली की पुढच्या वेळी तोच हक्क मागायला गेलेला माणूस आपोआप अजीजीनं बोलतो. 'लिहून द्या' या दोन शब्दांनी मात्र जे होतं ते होतंच. बहुतेकांना ते सुचत नाही, कारण गाडी लिफ्टवर अधांतरी असते आणि घर लांब. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबरही लक्षात ठेवावा; काही नाही तर समोरच्यासमोर लावून पाहायला बरा.

माझा मावसभाऊ मिशिगनमध्ये असतो. तो तिथं घरामागच्या गॅरेजात स्वतः ऑइल बदलतो आणि फिल्टरच्या पावत्या फायलीत लावतो. त्याच्या पाठीशी 1975 सालचा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. आमचाच पार्ट वापरा, आमच्याकडेच काम करा, नाहीतर वॉरंटी गेली, असं तिथं कंपनीला म्हणता येत नाही. जून 2022 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं हार्ले-डेव्हिडसनला याच कारणावरून धरलं, आणि दुसऱ्याचे पार्ट वापरल्यानं किंवा बाहेर काम केल्यानं वॉरंटी रद्द होत नाही, हे वाक्य वॉरंटीच्या मजकुरात घालायला लावलं. पण मौज अशी, की वॉरंटीतला फुकटचा पार्ट हवा असेल तर भाऊही डीलरकडेच जातो. कंपनी काम फुकट करून देत असेल तर ते कुठे करायचं ते तिनं ठरवावं, ही सवलत तो कायदाही देतो. म्हणजे माझ्या काचेच्या रेग्युलेटरची गोष्ट डेट्रॉइटलाही फार वेगळी झाली नसती. फक्त हातखंबा नसता. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. मोटारी, मोबाइल, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं अशी चार क्षेत्रं. सुरुवात म्हणून ठीक. पण पोर्टल रत्नागिरीचा माउंट बदलत नाही.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मी आता सगळंच अंगणात उघडायला निघालोय. तसं नाही. एअरबॅगला मी हात लावणार नाही, मेकॅनिकलाही लावू देणार नाही. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगची हकिगत आम्हा कोकणातल्यांनी तर नीट वाचावी. त्यातलं अमोनियम नायट्रेट उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलं की बिघडायचं, आणि मग अपघातात फुगा फुगवणारी धातूची डबीच फुटून तिचे तुकडे माणसाच्या अंगात घुसायचे. जगभरात अशा दहा कोटींहून अधिक डब्या (इन्फ्लेटर) परत मागवाव्या लागल्या, 2017 मध्ये कंपनीनं दिवाळं काढलं. आपली हवा कशी, ते पंख्यावरच्या गंजाला विचारा. असल्या रिकॉलचं काम वॉरंटी संपली तरी फुकट होतं. चासी नंबर टाकून गाडीच्या कंपनीच्या साइटवर तपासता येतं, आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्यानं तर ते आधी करावं. तिथं मला शेवटचा हात कंपनीचाच हवा.

तसंच जिथं पार्ट बसवल्यावर गाडीला त्याची ओळख करून द्यावी लागते तिथंही. किल्ली, इंजिनचा कंट्रोल युनिट, स्टेअरिंगचा सेन्सर. प्रदूषणाचे बीएस-6 नियम आल्यानंतर सेन्सर इतके वाढलेत की पान्यानं काम अर्धंच होतं, उरलेलं अर्धं स्कॅनर करतो. बॅटरी मात्र बेलाशक घरी. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना तो शेवटी, एवढं पाळलं की झालं. तिची वॉरंटी तिच्या कार्डावरच्या दुकानाच्या शिक्क्यावर आणि तारखेवर चालते, कुणी बसवली यावर नाही. म्हणून शिक्का मारून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नये.

परवा सर्व्हिस सेंटरमधून एका मुलीचा फोन आला. वॉरंटी संपत आलीय सर, एक्स्टेंडेड घेऊन टाका, आत्ता ऑफर आहे. मी घेणार होतोच. एखाद्या सेन्सरचं बिल एवढं येतं की पंचांग न पाहता घ्यावी. तरी विचारलं, की यात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय? फिल्टर मी घरी बदलले, ब्रेक पॅड गावात टाकले, तर चालतं का? ती थोडी थांबली, कुणाला तरी विचारून आली. म्हणाली, "सर, टर्म्स अँड कंडिशन्सची पीडीएफ पेमेंट झाल्यावर मेलवर ऑटोमॅटिक येते."

"आधी नाही पाठवता येत?"

"नाही सर. सिस्टिम घेत नाही."